जर्मेनियमचा बँड गॅप कुठं गेला?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमावर दिवसभराची बैठक होती. विषयपत्रिकेवर एक साधी ओळ होती : सॉलिड स्टेट, म्हणजे घनपदार्थांचं भौतिकशास्त्र, हा विशेष विषय घेणाऱ्यांना संगणकीय पद्धतींचा पेपर सक्तीचा करावा का? जेवणाआधीचे दोन तास त्या एका ओळीवर गेले आणि जेवणानंतर ती 'पुढील बैठकीत विचारार्थ' म्हणून बाजूला सरकवली गेली. एका बाजूचं म्हणणं, पोरांना धड भट्टीचं तापमान लावता येईना आणि तुम्ही निघालात संगणकावर क्रिस्टल बनवायला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता आलं की पोरगं हिंजवडीत चिकटतं. फेराइट, म्हणजे लोहाची चुंबकीय ऑक्साइडं, करून कुठं चिकटतं? पहिल्या बाजूला टाळ्या पडल्या, दुसरीला माना डोलल्या. संगणकाने घन पदार्थाचं नेमकं काय कळतं, किती कळतं आणि कुठं फसतं, हा प्रश्न मात्र दोन तासांत कुणाच्या तोंडून आला नाही. माझ्याही नाही. मी चहा येईपर्यंत गप्पच होतो, म्हणून आता लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पेपर सक्तीचा करावा. नोकरीसाठी करू नये, आणि प्रयोगशाळेची स्वस्तातली सोय म्हणून तर मुळीच करू नये. सक्तीचा करावा तो संगणक चुकतो म्हणून. कुठं चुकतो, किती चुकतो, का चुकतो हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने शोधून काढता येतं, आणि आमच्या प्रयोगशाळांत आज नेमकी हीच सोय उरलेली नाही.

हे शेवटचं वाक्य झोंबेल. पण ज्यांनी मराठवाड्यात एम.एस्सी. केलं आहे त्यांनी फोर-प्रोबचा प्रयोग आठवून बघावा. जर्मेनियमची छोटी चकती, तिच्यावर एका ओळीत टेकवलेल्या चार सुया, खाली विजेची लहानशी ओव्हन. दीडशे अंशांच्या आसपास तापवायचं, थंड होताना दर पाच अंशांना व्होल्टेज टिपायचं, रोधकतेचा लॉग आणि तापमानाचा व्यस्त यांचा आलेख काढायचा, त्याच्या चढावरून बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी किमान ऊर्जा, काढायची. उत्तर ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. हे उत्तर बटण दाबायच्या आधीच विद्यार्थ्याला पाठ असतं, कारण ते सीनियरच्या जर्नलमध्ये आहे. मग रीडिंग 'बसवली' जातात. चोवीस विद्यार्थी आणि एक सेट. ज्याचा नंबर लागतो तो रीडिंग घेतो, बाकीचे उतरवून घेतात, आणि मध्येच वीज गेली तर सगळेच उतरवून घेतात. मी स्वतः विद्यार्थी असताना आलेल्या ०.५८ चं ०.६९ केलं होतं आणि दहापैकी नऊ मिळवले होते. पोरं खोटारडी आहेत असं मला म्हणायचं नाही. जिथं चुकीचं उत्तर आणलं की गुण जातात आणि दुसऱ्यांदा सेट मिळत नाही, तिथं शहाणा माणूस दुसरं काय करील?

आता संगणकाची बाजू. गेल्या वर्षी माझ्याकडे जिंतूरकडून येणारी एक विद्यार्थिनी प्रकल्पाला होती. विभागातल्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकून घेतलं, त्यावर क्वांटम एस्प्रेसो. हे इटलीत ट्रीएस्टच्या संशोधकांच्या पुढाकारातून वाढलेलं, पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं गणित करणारं, फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर. पहिलं काम सिलिकॉनचं. तिने जाळीचा स्थिरांक, म्हणजे अणूंची रचना किती अंतराने पुन्हा येते तो आकडा, ५.४३ असा टाकला. पुस्तकातला आकडा बरोबर होता, पण तो अँगस्ट्रॉममध्ये, आणि त्या ओळीला हवा होता बोर या एककात, म्हणजे १०.२६. प्रोग्रॅमने हूं की चूं केलं नाही. गणित पुरं झालं, ऊर्जा आली, बँडचा आलेखही आला, अगदी देखणा. फक्त खाली एका ओळीत दाब छापलेला होता, आणि तो पृथ्वीच्या गाभ्यातही सापडणार नाही एवढा होता. ती कागद घेऊन आली. "सर, दाब एवढा कामून यायलाय?" मी म्हटलं, बघ तूच. दोन दिवसांनी तिला सापडलं : तिने सिलिकॉनला त्याच्या आकारमानाच्या जवळजवळ सातव्या हिश्श्यात कोंबलं होतं. एकक चुकलं की गुण कापतात, एवढंच तिला पाच वर्षं माहीत होतं. एकक चुकलं की पदार्थ चिरडला जातो, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यानंतर तिने मुळात कुणी न सांगता कटऑफ वाढवत नेला, के-पॉइंटची जाळी दाट करत नेली (गणित किती बारकाईने होतं ते या दोहोंवर ठरतं), ऊर्जा कुठं स्थिरावते ते पाहिलं. चाळीस-पन्नास वेळा गणित चुकलं असेल. एकही सुई मोडली नाही आणि कुणाचा नंबर हुकला नाही.

पण हे गणित करावंच का लागतं? बैठकीत एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलेला हा प्रश्न तसा रास्त होता, फक्त त्याचं उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. १९२९ साली डिराक यांनी लिहून ठेवलं, की बऱ्याचशा भौतिकशास्त्राचे आणि सगळ्या रसायनशास्त्राचे मूळ नियम आता हाती आलेले आहेत. अडचण एवढीच, की त्यांतून निघणारी समीकरणं सुटण्यापलीकडची आहेत. किती पलीकडची? ऑक्सिजनचा एकच अणू घ्या. आठ इलेक्ट्रॉन, प्रत्येकाचे तीन निर्देशांक, म्हणजे चोवीस. प्रत्येक निर्देशांकासाठी फक्त दहा जागांवर तरंगफलनाची, म्हणजे इलेक्ट्रॉनांची अवस्था सांगणाऱ्या फलनाची, किंमत लिहून ठेवायची म्हटली तरी एकावर चोवीस शून्यं इतके आकडे झाले. आणि आपल्याला बोलायचंय क्रिस्टलबद्दल. इथं दोन गोष्टींनी वाट काढून दिली. पहिली ब्लॉख यांची, १९२८ च्या सुमाराची. औरंगाबादची हिमरू शाल ज्याने नीट पाहिली आहे त्याला ती चटकन कळेल : एक नक्षी कळली आणि ती किती अंतराने पुन्हा येते हे कळलं, की अख्खी शाल कळली. सिलिकॉनच्या तुकड्यातल्या अगणित अणूंऐवजी दोनच अणूंचं गणित पुरतं. दुसरी वाट कोन यांची. १९६४ साली होहेनबर्ग आणि १९६५ साली शॅम यांच्याबरोबर लिहिलेल्या दोन लेखांत त्यांनी दाखवलं, की सगळ्या इलेक्ट्रॉनांचं मिळून एक अवाढव्य तरंगफलन धरून बसायची गरज नाही, जागोजागची इलेक्ट्रॉनांची घनता पुरते. हीच डेन्सिटी फंक्शनल थिअरी. चोवीस निर्देशांकांचे तीन झाले. १९९८ चं नोबेल कोन यांना मिळालं ते रसायनशास्त्राचं. यातलं एकही पाऊल संगणकाने टाकलेलं नाही, पण संगणकाशिवाय ही पावलं कागदावरच राहिली असती.

आता विरोधकांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा. तो बैठकीत कुणी नीट मांडलाच नाही, म्हणून त्यांच्या वतीने मीच मांडतो. संगणक चुकतो आणि तोंड पाडत नाही. बिघडलेलं व्होल्टमीटर निदान काटा थरथरवून दाखवतं. प्रोग्रॅम चुकीचं उत्तरही दशांशचिन्हानंतर आठ आकडे लिहून देतो. सिलिकॉनचा बँड गॅप प्रयोगात १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, कोन यांच्या वाटेने, पण साधा अदमास धरून केलेल्या गणितात तो जेमतेम ०.६ येतो. जर्मेनियमची गत त्याहून वाईट : साधं गणित गॅपच मिटवून टाकतं, अर्धवाहकाचा धातू करून ठेवतं. फेरस ऑक्साइड आणि कोबाल्ट ऑक्साइड प्रत्यक्षात विद्युतरोधक. साध्या गणितात तेही धातू. लोखंडाचं तर हसू येतं. सर्वांत सोप्या अदमासाने गणित केलं, तर ज्या चुंबकीय रचनेत लोखंड आपल्या समोर रोज पडलेलं असतं, ती रचना त्याची सर्वांत स्थिर रचना ठरतच नाही. ज्या विद्यार्थ्याला यातलं काही माहीत नाही तो रंगीत आलेख प्रबंधात चिकटवून मोकळा होईल, आणि परीक्षकालाही माहीत नसेल तर त्याला पदवीही मिळेल. असे आलेख मी पाहिले आहेत. तेव्हा ही भीती पोकळ नाही.

पण ही चूक नक्की कुणाची? १९३७ साली, संगणक नावाची वस्तू अजून कुणाच्या टेबलावर यायची होती तेव्हा, डी बोअर आणि व्हर्वे यांनी दाखवून दिलं, की निकेल ऑक्साइडसारखे पदार्थ बँड सिद्धांताप्रमाणे धातू असायला हवेत आणि ते तसे नाहीत. मॉट यांनी त्यावरून पुढे जो विचार केला त्यातून घनपदार्थांच्या अभ्यासाचं एक नवं दालन उघडलं. म्हणजे चूक सिद्धांतातल्या अदमासाची आहे. संगणक ती फक्त प्रामाणिकपणे आकड्यांत उतरवतो. आणि अदमासाचंच म्हणाल, तर आपण फळ्यावर 'खरं फिजिक्स' म्हणून जे शिकवतो त्याची काय अवस्था आहे? मुक्त इलेक्ट्रॉनाचं मॉडेल हिरा आणि तांबं यांत फरक करू शकत नाही. क्रोनिग आणि पेनी यांचं १९३१ चं मॉडेल एकमितीय आहे आणि त्यातला विभव कुठल्याही खऱ्या अणूसारखा नाही. ही दोन्ही आपण वर्षानुवर्षं शिकवतो, शिकवायलाच हवीत, आणि त्यांना कुणी 'फसवं' म्हणत नाही. मग निम्म्याने चुकणाऱ्या गणितालाच दाराबाहेर का उभं करायचं? खडूने लिहिलेल्या चुकीला मान आणि पडद्यावर दिसणाऱ्या चुकीला शिव्या, हा कुठला न्याय?

प्रयोग आधी की गणित आधी, या वादात मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते आमच्या फेराइटवाल्यांचं, कारण त्यांच्याबद्दल दोन्ही बाजू चुकीचं बोलतात. मराठवाड्यातल्या भौतिकशास्त्र विभागांनी गेल्या कित्येक वर्षांत फेराइटवर काम करून पिढ्या घडवल्या आहेत, आणि त्याला नाक मुरडणाऱ्यांनी एकदा ते काम जवळून बघावं. धातूंची नायट्रेटं आणि सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवायचं, अमोनियाचे थेंब सोडत पीएच सातवर आणायचा, हॉटप्लेटवर ढवळत राहायचं. पाणी आटतं, मधासारखी जेल होते, फुगते, आणि एका क्षणी आपोआप पेट घेते. ठिणगी कडेने सरकत जाते, काळपट-तपकिरी राखेचं झाड उभं राहतं, खोलीभर वास. हे ज्याने केलंय त्याच्या हाताला पदार्थ कळतो. ते कसब मोडीत काढा असं कुणी म्हणत असेल तर मी पहिल्या बाजूचा. पण त्या राखेच्या पुढे काय होतं? एक्स-रे कुठंतरी बाहेरून काढून आणायचा, शेररच्या सूत्राने कणांचा आकार काढायचा, चुंबकीकरणाचा आलेख लावायचा आणि चर्चेच्या प्रकरणात एक ठरलेलं वाक्य लिहायचं : जस्त ए जागेवर जातं, त्यामुळे लोह बी जागेवर ढकललं जातं, म्हणून चुंबकीकरण वाढतं. (ए आणि बी म्हणजे फेराइटच्या रचनेत धातूच्या अणूंना बसायच्या दोन प्रकारच्या जागा.) बरोबर आहे. मुळात हा विचार नील यांचा, १९४८ चा, आणि फार सुंदर आहे : स्वतः चुंबकीय नसलेलं जस्त घातलं की पदार्थ आधी जास्त चुंबकीय होतो. पण जस्त ए जागेवरच का जातं? निकेल बी जागेवरच का बसतं? याचं उत्तर शोधायला स्पिनेलचा, म्हणजे फेराइटच्या या स्फटिकरचनेचा, चौदा अणूंचा लहानात लहान घट (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) पुरतो. जस्त एकदा या जागेवर ठेवा, एकदा त्या जागेवर, आणि दोन्ही ऊर्जा ताडून बघा. ज्याने जेल स्वतः पेटवली आहे त्याच्याइतका या गणिताचा हक्क आणखी कुणाचा आहे? आणि या गणितावर विश्वास कधी ठेवायचा नाही हे त्याच्याइतकं कुणाला लवकर कळेल?

'आधी प्रयोगशाळा धड करा, मग संगणक' हे वाक्य ऐकायला समंजस वाटतं. पण मराठवाड्याने 'आधी हे, मग ते' याच हिशोबाने चालायचं ठरवलं असतं तर? १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं तेव्हा इथं उच्च शिक्षणाची सोय बोटावर मोजण्याइतकी, आणि महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, पुढे मिलिंद म्हणून नावाजलेलं. त्या वेळी खेड्याखेड्यांत चौथीपर्यंतची शाळा नव्हती. आधी त्या शाळा भरू द्या, मग कॉलेजचं बघू, असं म्हणणारे तेव्हाही मिळाले असते आणि त्यांचंही वाक्य समंजस वाटलं असतं. विद्यापीठ आलं १९५८ च्या ऑगस्टमध्ये. पायऱ्या मोजत बसलो असतो तर कदाचित अजून आलं नसतं. उपकरणांचंही तेच. १९३४ साली मँचेस्टरमध्ये डग्लस हार्ट्री यांनी अवकल समीकरणं सोडवणारं यंत्र बनवलं ते मेकॅनो या मुलांच्या खेळण्याच्या पट्ट्या आणि चाकं जोडून. अणूंची जी गणितं तोवर ते आणि त्यांचे वडील हाताने करत, त्यांना त्याची मदत झाली. खेळण्याच्या यंत्रावर अणूचं गणित मांडणाऱ्याला कुणी विचारलं नाही, की तुमच्याकडे महासंगणक आहे का.

आणखी एक गोष्ट इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५३ मध्ये लॉस अलामॉसच्या मॅनियाक संगणकावर फर्मी, पास्ता आणि उलाम यांनी एक साधा प्रश्न घातला. स्प्रिंगांनी जोडलेल्या चौसष्ट वस्तुमानांची साखळी, म्हणजे घनपदार्थाचं अगदी गरीब रूप. स्प्रिंगांच्या बळात किंचित वाकडेपणा, म्हणजे ताण दुप्पट केला तर बळ नेमकं दुप्पट होत नाही. एकाच प्रकारच्या कंपनात ऊर्जा भरली तर ती हळूहळू सगळ्या कंपनांत वाटली जाईल, अशी सर्वांची खात्री. तसं झालं नाही. ऊर्जा थोडी फिरून जवळजवळ सगळी पहिल्या कंपनात परत आली. प्रोग्रॅम लिहिला होता मेरी त्सिंगू यांनी, ज्यांचं नाव पुढे कित्येक वर्षं त्या प्रश्नाला लागलं नाही. संगणक फक्त आपल्याला माहीत असलेलंच भरभर सांगतो, असं म्हणणाऱ्यांनी या एका गणिताचं काय करायचं ते ठरवावं. १९६४ मध्ये आर्गॉनचे ८६४ अणू संगणकात सोडून द्रवातली त्यांची चाल अनीसुर रहमान यांनी शोधली आणि आजच्या मॉलेक्युलर डायनॅमिक्सचा पाया घातला. अमेरिकन फिजिकल सोसायटी त्यांच्या नावाने संगणकीय भौतिकीचा पुरस्कार देते. हे रहमान जन्मले हैदराबादेत, आपले आजे-पणजे ज्या राज्याची प्रजा होते त्याच राज्यात. आमच्या एम.एस्सी.च्या वर्गात मी हे नाव विचारलं तेव्हा सगळ्यांना ए. आर. रहमान आठवले. हसू आलं, पण दोष पोरांचा नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

विजेचा आणि यंत्रांचा प्रश्न खरा आहे, पण तो फुगवलेलाही आहे. सिलिकॉनचा दोन अणूंचा घट साध्या लॅपटॉपवर मिनिटाच्या आत सुटतो. वर म्हटलेली साखळी, क्रोनिग-पेनीचं मॉडेल, आयसिंगचं चुंबक (वर किंवा खाली अशा दोनच दिशा असलेल्या छोट्या चुंबकांची जाळी), यांना तर लॅपटॉपही नको, खिशातल्या फोनवर पायथन चालतं. अडचण पुढे सुरू होते. या पद्धतीत अणू वाढले की वेळ साधारण त्यांच्या घनाने वाढतो. दोनाचे चौदा झाले, म्हणजे सातपट. सातचा घन ३४३. फेराइट चुंबकीय असल्यामुळे त्यावर आणखी, आणि लोहासारख्या धातूंतल्या डी-इलेक्ट्रॉनांसाठीची दुरुस्ती धरली की त्यावरही आणखी. मिनिटाचं काम दिवसावर जातं, आणि दिवसभर सलग वीज टिकली तर तो आमच्याकडे सण. त्यासाठी विद्यापीठाच्या पातळीवर सामायिक यंत्र लागेल, इन्व्हर्टर लागेल, पुण्याच्या संस्थांमधल्या मोठ्या यंत्रांवर वेळ मागावा लागेल. पण शिकण्याचा ऐंशी टक्के भाग दोन अणूंतच उरकतो, हे मी अनुभवाने सांगतो. पोहायला शिकायला जायकवाडी लागत नाही.

खरं घोडं अडतं ते परीक्षेपाशी आणि शिक्षकापाशी, आणि इथं मी विरोधकांच्या पुष्कळच जवळ आहे. संगणकाचा पेपर आमच्याकडे नवा नाही. फोरट्रान होतं, मग सी आलं. न्यूटन-रॅफसन, सिम्प्सन, बायसेक्शन या ठरलेल्या गणिती पद्धती; प्रोग्रॅम जर्नलमध्ये शाईने लिहायचे, आउटपुटसुद्धा शाईने. मूळ फाइल कुणाची हे आता इतिहासाचार्यांनी शोधावं. वीस वर्षं तीच फिरते आहे. नवा पेपर असाच यायचा असेल, आणि त्यात 'डेन्सिटी फंक्शनल थिअरी : टीप लिहा, गुण ५' असा प्रश्न पडायचा असेल, तर तो न आलेलाच बरा, मी हात वर करून विरोधात मत देईन. शिक्षकांचं तर बोलायलाच नको. जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावर काम करणारा तरुण एका कॉलेजात सकाळी आणि दुसऱ्या तालुक्यात दुपारी. त्याला कटऑफ आणि के-पॉइंट शिकवायला वेळ कुठला आणि कशासाठी? अभ्यासक्रमाच्या कागदाने हे सुटणार नाही, हे मान्य. पण गुण कशाला द्यायचे हे तरी आपल्या हाती आहे ना? विद्यार्थ्याने आयसिंगचं द्विमितीय चुंबक फोनवर चालवावं, त्याचं संक्रमण-तापमान, म्हणजे ज्या तापमानाला त्याचं चुंबकत्व नाहीसं होतं ते, काढावं आणि ऑनसागर यांनी १९४४ मध्ये कागदावर काढलेल्या २.२६९ या अचूक आकड्याशी ताडून पाहावं. २.४ आलं तर २.४ लिहावं, आणि ते का आलं याच्या दोन पानांना गुण द्यावेत. जाळी लहान होती? पुरेसा वेळ थांबला नाही? बरोबर उत्तराला त्यात गुण ठेवूच नयेत. ते तर सगळ्यांना आधीच माहीत आहे. सीनियरची फाइल इथं कामाला येत नाही, कारण प्रत्येकाची चूक निराळी असते.

नोकरीच्या मुद्द्यावर थोडक्यात. पोरांना नोकरी हवी, यात लाजण्यासारखं काही नाही, एम.एस्सी. होऊन स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात खोली घेऊन राहिलेली आमची कितीतरी मुलं मला दिसतात. प्रोग्रॅम लिहिता येणं त्यांच्या उपयोगी पडेलच. पण नोकरीसाठी म्हणून बेतलेला पेपर दोन वर्षांत शिकवणीवर्गाच्या हवाली होतो, आणि कोणती ओळ कुठं टाकायची याच्या छापील गाइडा निघतात. आम्ही ते बारावीचं होताना पाहिलं आहे. आता तर नवं निघालंय : कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्रॅम लिहून देते, मग शिकायचं कशाला? ती देते हे खरंच. माझ्या विद्यार्थिनीची ५.४३ ची ओळही तिने बिनचूक शैलीत लिहून दिली असती, कदाचित एकक बरोबर घालूनही दिली असती. तशी दिली असती तर दाबाची ती ओळ कुणी वाचलीच नसती. 'कामून' हा प्रश्न तिथं आला असता कुठून?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली, खर्च २६०० कोटी. आमच्याकडे तिच्याबद्दल बोलणं होतं ते जमिनीचं, रस्त्यांचं, शिपायांच्या जागांचं. पण अशा वेधशाळांची संवेदनशीलता वारंवारितेच्या मधल्या पट्ट्यात अडते ती आरशांवरच्या लेपात, सिलिका आणि टँटलम ऑक्साइडच्या पातळ थरांत. त्या थरांतले अणू उष्णतेने हलतात आणि त्या हालचालीचा गोंगाट मापनात मिसळतो. तो कमी करायचा तर त्या काचेसारख्या, शिस्त नसलेल्या पदार्थात अणू कसे बसले आहेत ते कळायला हवं, आणि ते शोधण्याचं एक मोठं साधन संगणकीयच आहे. म्हणजे आमच्या पेपरात जो विषय सक्तीचा करायचा की नाही यावर दोन तास गेले, तो औंढ्याला रस्त्यालगत येऊन ठेपला आहे. तिथं काम करायला बाहेरची माणसं येतील. येऊ द्यात, आमचीही एक-दोन त्यांत असावीत, एवढंच माझं म्हणणं.

जिंतूरच्या त्या मुलीचं पुढे असं झालं. सिलिकॉननंतर तिने जर्मेनियम घेतलं. एकक या वेळी बरोबर होतं, कटऑफ तपासलेला, के-पॉइंट तपासलेले, आणि बँडच्या आलेखात गॅप नव्हता. तिने तीनदा गणित केलं. मग मला विचारलं, "सर, जर्मेनियमचा बँड गॅप कुठं गेला?" मी तिला अदमासाची मर्यादा सांगितली, त्यावर उपाय आहेत, ते किती महाग पडतात, तेही सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, आपल्याकडं फोर-प्रोब हाय की. मागच्या वर्षी आपण तो प्रयोग उतरवून घेतला होता, हे तिने मला तेव्हा सांगितलं. प्रयोगशाळा सहायकाकडून किल्ली घेऊन ती संध्याकाळी एकटी बसली. ओव्हन तापवली, थंड होऊ दिली, मध्ये एकदा वीज गेली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी आलेख दाखवायला आणला. वरच्या टोकाचे दोन बिंदू रेषेपासून लांब पडले होते, ते तिने तसेच ठेवले होते. उत्तर आलं होतं ०.६२. शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं : ओव्हन फार लवकर थंड झाली का? पुन्हा घेणे.